नागरिकांनी लिहिलेल्या विधेयकावर सभागृहाने मत द्यावे

प्रति,
मा. संसदीय कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गावात दारूचे दुकान नको असेल, तर आपल्या राज्यातल्या बायका ते मतदानाने बंद करू शकतात. किमान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी केली की दुकानाला टाळे. गावाला एवढा अधिकार देणाऱ्या राज्यात अख्ख्या राज्यासाठी कायदा सुचवायचा, तर नागरिकाच्या हाती निवेदनापलीकडे काही नाही. निवेदनाला आवक क्रमांक पडतो आणि विषय तिथेच थांबतो.

जादूटोणाविरोधी कायद्याचे काय झाले ते आपण जाणताच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. पुरेशा नागरिकांनी सह्या केलेल्या विधेयकावर ठरावीक मुदतीत मत द्यावेच लागेल असा नियम तेव्हा असता, तर दोन्ही सभागृहांचे हो की नाही त्यांच्या हयातीत कळले असते. आमची मागणी एवढ्याच नियमाची आहे.

अमेरिकेत 1898 मध्ये साउथ डकोटाने सुरुवात केली. आज तिथल्या वीसहून जास्त राज्यांत नागरिक सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणतात. कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदासाठी झालेल्या मतदानाच्या 5 टक्के सह्या कायद्यासाठी लागतात, राज्यघटना बदलायला 8 टक्के. हे जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 168 प्रमाणे राज्यपाल हा विधिमंडळाचा भाग आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने राज्यपालासारख्या अधिकाऱ्याला वगळून थेट जनतेकडून कायदा करून घेण्याची सोय केली होती, ती प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधले तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) 1919 मध्ये घटनाबाह्य ठरवली. घटनादुरुस्ती तर अनुच्छेद 368 नुसार संसदेतच मांडता येते. तिथे नागरिकांना फार तर विधानसभेने संसदेला विनंतीचा ठराव करावा, असे सुचवता येईल.

अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात मात्र सह्या पुरल्या की प्रस्ताव आधी विधिमंडळापुढे जातो. एवढा अर्धा रस्ता आपल्याला घटना न बदलता, अनुच्छेद 208 खालच्या कामकाज नियमांत बसवता येतो. विधेयक सदस्यानेच मांडावे लागते, म्हणून ते विनंती अर्ज समितीच्या अध्यक्षांनी मांडावे आणि पुढच्या अधिवेशनात त्यावर नावनिशीवार मतदान व्हावे. कर किंवा तिजोरीवर बोजा असलेली कलमे अनुच्छेद 207 मुळे राज्यपालांच्या शिफारशीवाचून अडतील. ती वेगळी काढण्याचा सल्ला सह्या सुरू होण्यापूर्वी विधी विभागाने द्यावा. पाच लाख लोकांनी सही केल्यावर ही त्रुटी दाखवणे म्हणजे त्यांची थट्टा ठरेल.

सह्यांचे गणित असे. 2024 च्या विधानसभेला राज्यात सुमारे 9.70 कोटी मतदार होते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 4 लाख 85 हजार. मुदत 180 दिवसांची असावी. सगळ्या सह्या मुंबई-पुण्यातून येऊ नयेत म्हणून जिल्ह्यांची अट हवी, आणि इथेच शब्द जपून वापरायला हवेत. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे पाच मतदारसंघ होते तेव्हा नियम लिहिला गेला की, एका मतदारसंघातून एक पंचमांशाहून जास्त सह्या धरायच्या नाहीत. 2000 च्या जनगणनेनंतर मतदारसंघ चार उरले. चार पंचमांश म्हणजे 80 टक्के. शंभर टक्के सह्या कधी भरणारच नाहीत. नियम कोणी दुरुस्त केला नाही. 2020 मध्ये वैद्यकीय गांजाचा प्रस्ताव लोकांनी मोठ्या बहुमताने मंजूर केला. मे 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून तो रद्द केला आणि नागरिकांचा तो अधिकारच निकामी झाला. आपल्याकडेही 2014 मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा होऊन जिल्हे 36 झाले. उद्या आणखी होतील.

पडताळणीसाठी प्रत्येक सहीपुढे मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि यादीचा भाग क्रमांक हवा. नुसत्या नावावर विसंबले, तर यादीत माहेरचे नाव आणि कागदावर सासरचे, असे होऊन हजारो बायकांच्या सह्या बाद होतील. अंगठाही ग्राह्य धरावा. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीतून (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 3 टक्के किंवा 500, यांपैकी जास्त असतील तेवढ्या सह्या तपासून अंदाज काढतात. 3 टक्के नमुन्यात दुबार सहीची एक जोडी सापडली, तर पूर्ण गठ्ठ्यात सुमारे 1,100 जोड्या असाव्यात असा हिशेब निघतो, म्हणून एकेका दुबार सहीची किंमत फार मोठी पडते. आपण ओळखपत्र क्रमांक संगणकावर चढवले, तर दुबार सह्या नमुन्यावाचून नेमक्या पकडता येतील.

पैशाचा शिरकाव कुठून होतो तेही सांगायला हवे. कॅलिफोर्नियात 2020 च्या ‘प्रपोझिशन 22’ या, ॲपवरच्या चालकांना कर्मचारी न मानण्याच्या प्रस्तावासाठी ॲपवर चालणाऱ्या वाहतूक व घरपोच सेवेच्या कंपन्यांनी मिळून 20 कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि ते मंजूर करून घेतले. सहीमागे ठरावीक रक्कम देण्यावर ओरेगनने 2002 पासून बंदी घातली आहे. तशी बंदी इथे पहिल्या दिवसापासून असावी, आणि खर्च करणाऱ्याचे नाव सहीच्या कागदावरच ठळक छापलेले असावे.

सभागृहाने विधेयक फेटाळले, तर त्याच प्रश्नावर सल्लात्मक जनमत घ्यावे की नाही, हा दुसरा टप्पा आहे. त्याला स्वतंत्र कायदा लागेल. गोव्याच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलासाठी संसदेने तसा कायदा केला होता. विलीनीकरणाला फूल आणि वेगळे राहण्याला दोन पाने, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही आपले मत कुठे जाते ते दिसत होते. पहिला टप्पा त्यासाठी अडवून ठेवू नये.

येत्या अधिवेशनापूर्वी हा विषय दोन्ही सभागृहांच्या नियम समित्यांपुढे ठेवावा. सोबतच्या मसुद्यात जिल्ह्यांची अट ‘सह्यांच्या तारखेस अस्तित्वात असलेल्या जिल्ह्यांपैकी किमान निम्म्या’ अशी लिहिली आहे. छाननीत कोणी तिथे ‘18’ हा आकडा घातला, तर तो खोडावा.

आपले,
कायदा व निवडणूक प्रक्रियेचा अभ्यास करणारे काही नागरिक