रडारचा पल्ला कायमचा नसतो

लांब पल्ल्याच्या रडारविषयीच्या आपल्या रविवारच्या लेखात पल्ल्याचा आकडा कायमचा ठरलेला असल्यासारखा दिला आहे, हे पटले नाही. थंड समुद्रावर उबदार, कोरड्या हवेचा थर पसरला की रडारलहरी पृष्ठभागालगत अडकतात आणि क्षितिजापलीकडचे प्रतिध्वनी परत आणतात. असा प्रतिध्वनी रडारचा पुढचा स्पंद (लहरींचा छोटा झोत) सुटल्यानंतर पोहोचला, तर साधे रडार तो जवळचाच समजते. दूरचा डोंगर मग जहाज भासू शकतो. जुलै १९४३ मध्ये अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळ अमेरिकी युद्धनौकांनी पडद्यावरच्या ठिपक्यांवर शेकडो तोफगोळे डागले. तिथे एकही जपानी जहाज नव्हते. (कारणांबद्दल मतभेद आहेत, काही जण पक्ष्यांच्या थव्यांकडे बोट दाखवतात.)

लेखात ‘दिसणे’ आणि ‘ओळखणे’ यांचीही गल्लत झाली आहे. ठिपका दिसायला पुरेसा जोरदार प्रतिध्वनी लागतो. ते विमान आहे की आणखी काही, हे सांगायला त्यातले बारीक चढउतार लागतात. आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परावर्तित होणाऱ्या ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी हजारो किलोमीटर जातात खऱ्या, पण तो थर सतत हलता असल्याने नेमके हेच तपशील पुसट होतात. मे १९६७ मधील सौरस्फोटामुळे तर अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-इशारा रडारांत व्यत्यय आला आणि ती कुणी मुद्दाम निकामी केल्याचा संशय आला होता.

यापुढे पल्ला छापताना तो कोणत्या लक्ष्यासाठी आणि कोणत्या वातावरणात, हेही छापावे.

— एक वाचक