आगराची सही करण्यापूर्वी

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले समुद्रकाठचे माड-पोफळीचे आगर विकण्याचे अधिकार जमिनीच्या एजंटाला देणारा, तू पाठवलेला कुलमुखत्यारपत्राचा मसुदा मी दोनदा वाचला. "आई, विचार करून सांग," असे तू फोनवर म्हणालास. तो विचार मी लिहूनच कळवते आहे, कारण फोनवर तुझ्या कामाच्या गडबडीत माझे म्हणणे अर्धे राहते आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर राहिलेले अर्धे आठवत बसते. ठाण्याच्या घराचे हप्ते, छोटीची शाळा, सूनबाईंची सुटलेली नोकरी, या सगळ्याचा भार मला दिसत नाही असे समजू नकोस. जमीन विकूच नये असेही माझे म्हणणे नाही. पण या मसुद्यावर तू सही करू नयेस आणि ताईकडे हक्कसोडपत्राची गोष्टही काढू नयेस, असे मला वाटते. त्याची कारणे नीट वाच.

पहिली गोष्ट, आगर आपल्याकडे आले कसे ते तुला पुरते ठाऊक नाही. तुझे आजोबा या जमिनीत कूळ होते. माड-पोफळी शिंपायच्या त्यांनी आणि उत्पन्नातला मोठा वाटा जायचा खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता ओस ठेवल्या, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या वेळी आजोबा अगदी लहान होते, पण त्या संपाच्या गोष्टी ते मोठ्या अभिमानाने सांगत. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ रोजी, कूळकायद्याच्या कृषक दिनी, कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. तरी किंमत भरायचीच होती. ती हप्त्याहप्त्याने भरताना तुझ्या आजीने सुपारीच्या पैशातून स्वतःसाठी एक लुगडेसुद्धा घेतले नाही, हे मला तिनेच सांगितले आहे. शेवटचा हप्ता फिटल्यावर मिळालेला मालकीचा '३२ म'चा दाखला आजही माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. त्याच्या कडा खाल्ल्या गेल्या आहेत, पण शिक्का स्वच्छ वाचता येतो.

हे केवळ भावनेसाठी लिहीत नाही, त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची अट असते. दाखला मिळून दहा वर्षे झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम सरकारजमा करून ती विकता येते. पण घेणारा शेतकरीच असावा लागतो, कारण कलम ६३ ने शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेण्यास मनाई आहे. एजंट तुला "ते सगळे आम्ही बघू" म्हणाला. काय आणि कसे बघणार, हे मात्र मसुद्यात कुठेही लिहिलेले नाही. जे लिहिले आहे ते इतकेच की तुझ्या वतीने विकणे, वाटप करणे, कोणाही त्रयस्थास ताबा देणे आणि जमिनीचा नकाशा बदलून घेणे, हे सारे अधिकार त्याला मिळतील.

नकाशा हा शब्द वाचून मी थबकले. मागच्या महिन्यात तुझा चुलतभाऊ त्या एजंटाला घेऊन आला होता. त्याने आपल्या हिश्श्याचा विसार घेतला आहे, साठेखतही झाले आहे, आणि त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घरात आजारपण आहे. त्या माणसाने ओटीवर नकाशा पसरला. अठ्ठावीस गुंठे आगराचे सहा प्लॉट पाडलेले, प्रत्येकाला समुद्राच्या अंगाला निळी रेघ. मी चष्मा लावून आपली पाखाडी शोधू लागले. वरच्या रस्त्यापासून आपल्या गडग्याकडेने उतरून, काकीच्या मांगरामागून, विहिरीला वळसा घालून पुळणीवर जाणारी ती जांभ्या चिऱ्यांची पाखाडी नकाशात नव्हतीच. ती चौथ्या आणि पाचव्या प्लॉटच्या पोटात गेली होती. "सातबाऱ्यावर कुठे आहे रस्ता?" असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते. मी दुसऱ्या दिवशी उतारा काढून पाहिला. इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीच्या पाण्यातला हिस्सा लिहिलेला आहे, पाखाडीचा उल्लेख नाही. गावाने कधी लिहून घेण्याची गरजच मानली नाही. वहिवाट होती, तेवढे पुरेसे होते.

बाबू, या पत्रात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. आपण विकतो ते गुंठे, आणि सोबत नकळत जाते ती दुसऱ्यांची वहिवाट. त्या पाखाडीवरून काकीचे पाणी येते. खालच्या वाडीतल्या बायका ओहोटीला मुळे-शिंपल्या वेचायला त्याच वाटेने जातात, होड्या ओढायला मुले त्याच वाटेने उतरतात, आणि शिमग्यात पालखीही तिथूनच येते. ही वाट विकण्याचा अधिकार ना तुला आहे, ना मला, ना तुझ्या चुलतभावाला.

गेल्या शिमग्यात काय झाले ते तुला कोणी सांगितले असेल की नाही, ठाऊक नाही. उत्तरेकडच्या आगराचे दोन वर्षांपूर्वी प्लॉट पडले आणि तिथे गडग्याच्या जागी पुरुषभर उंचीची सिमेंटची भिंत आली. त्या बाजूने घाटीकडे जाणारी दुसरी पाखाडी भिंतीच्या आत गेली आणि तिच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसले. पालखी तिथे आली तेव्हा फाटकाला कुलूप होते. राखणदार आपल्याच गावातला मुलगा, त्याला रडू येत होते, पण किल्ली मालकाकडे मुंबईला आणि मालकाचा फोन बंद. पालखी खांद्यावरून खाली ठेवत नाहीत, हे तुला माहीत आहे. भोई पाऊण तास भर उन्हात उभे होते. ढोल थांबले होते, आणि इतक्या माणसांत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. शेवटी पालखी खांद्यावरच पुळणीवर आणून, घोट्यापर्यंत रुतणाऱ्या वाळूतून फिरवून मागच्या घरांकडे नेली. तिथे शेवटच्या घरातली म्हातारी सकाळपासून ओटीवर ताट घेऊन बसली होती. मी गेले तेव्हा निरांजनातले तूप संपून वात काळी पडली होती, आणि ती पदराने ताट झाकून बसली होती, जणू चूक तिचीच झाली होती.

त्यानंतर गावाने तहसीलदारांकडे अर्ज दिला. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा अजून चालू आहे. वहिवाटीची वाट किंवा पाणी कोणी अडवले, तर कलम ५ खाली ते मोकळे करून मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. आपल्या लोकांनी भिंत उभी राहिली तेव्हा भिडेपोटी काही केले नाही, पण कुलूप शिमग्यातच प्रथम लागले, असे अर्जात मांडले आहे. पंचनामा झाला, निकाल यायचा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर अधिकार निर्माण होतो. पण तो सिद्ध करण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना दापोलीच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणे मला बरे वाटत नाही. आज आपल्या हातात कागद आहे, तोवर आपण लिहून ठेवलेले बरे.

बाहेरून येणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात किल्मिष आहे असे समजू नकोस. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आलेली दिसली, म्हणजे आपलीच माणसे निघून गेली. गावात कोणी नव्याने घर बांधले तर मला आनंदच होतो. आपल्या वरच्या अंगाला पुण्याचे निवृत्त जोडपे राहायला आले, त्यांनी चिऱ्याचेच घर बांधले, कुंपणाला मेंदी लावली आणि पाखाडीच्या दोन निखळलेल्या पायऱ्या स्वतःच्या खर्चाने बसवल्या. त्या बाई एकादशीला भजनाला येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हर्णै-आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत बागा आडव्या झाल्या, तेव्हा महिनाभर वीज नव्हती, आणि त्यांनी आपल्या जनरेटरवर सगळ्या वाडीचे पाणी चढवून दिले होते.

त्या वेळी टाळेबंदीमुळे तू येऊ शकला नाहीस आणि फोनही लागत नव्हता. तुझे बाबा जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. दुपारी वारा फिरला आणि पोफळी काडीसारख्या मोडू लागल्या. बेचाळीस माडांपैकी एकोणीस गेले, जायफळाचे मोठे झाड मुळासकट उपटून पडवीच्या छपरावर आले, आणि मी माजघरात देवासमोर बसून राहिले. तिन्हीसांजेला पाखाडीवरून कोयत्यांचा आवाज आला. खालच्या वाडीतली सात-आठ मुले पडलेले माड तोडत, वाट काढत माझ्यापर्यंत पोहोचत होती. त्यातला एक अजूनही मला "बाई" म्हणतो, मी त्याला तिसरीत शिकवले आहे. ती वाट नसती तर त्यांना भिंतीवरून यावे लागले असते. नंतर आपण बाणवली माडाची रोपे लावली, ती यंदा छातीच्या वर गेली आहेत. माड धरायला सहा-सात वर्षे लागतात. आता कुठे फुलोऱ्याची पहिली पोय दिसू लागली आहे.

पाण्याचेही बघ. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्यातून तो वाहून जातो आणि किनाऱ्यालगत वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर पातळसा तरंगत असतो. रहाटाने उपसत होतो तोवर तो टिकला. उत्तरेच्या आगरात बोअर मारून पोहण्याचा तलाव भरू लागल्यापासून शेजारच्या विहिरीचे पाणी एप्रिलमध्ये मचूळ लागते. सहा प्लॉटना सहा बोअर झाल्या तर काकीने प्यायचे काय?

शिवाय ज्या निळ्या रेघेसाठी तो भाव देतो आहे, तिच्याविषयीही त्याने तुला पूर्ण सांगितलेले नाही. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बदलली. ग्रामीण भागात जिथे लोकवस्तीची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे, तिथेच भरतीरेषेपासूनची ना-विकास पट्टी, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेली पट्टी, ५० मीटरवर आली. आपल्यासारख्या विरळ गावाला ती २०० मीटरच आहे. आगराचा खालचा निम्मा भाग त्यातच येतो. म्हणजे खालच्या तीन प्लॉटवर बंगला बांधून देण्याचे तो जे वचन देतो आहे, ते पाळता येणार नाही, आणि कागदावर विकणारा म्हणून नाव राहील ते तुझे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणीही लागते. ती मी मागितली तेव्हा तो म्हणाला, नंतर होईल.

ताईविषयी एवढेच. १९५६ च्या वारसा कायद्यापासून मुलगी ही बापाच्या मिळकतीची पहिल्या वर्गाची वारस आहे. तुझ्या बाबांच्या माघारी आपण तिघांची नावे फेरफाराने लागली, ती उपकार म्हणून लागलेली नाहीत. तू तुझा हिस्सा विकायला काढलास, तर तो आधी घेण्याचा हक्क कलम २२ प्रमाणे आम्हा दोघींना आहे. तिने सांगलीहून मला कळवले आहे की ती भावापुढे कधी आडवी येणार नाही. म्हणूनच तिच्यापुढे तो कागद ठेवू नकोस.

आता मी काय ठरवले ते सांगते. वरच्या कातळाची दोन एकर जागा, जिथे काजू आहे, ती विकायला माझी हरकत नाही. ती रस्त्याला लागून आहे, तिच्यातून कोणाची वाट जात नाही आणि ती बाबांनी स्वतः खरेदी केलेली असल्यामुळे कलम ४३ ची अट नाही. त्या पैशात तुझ्या कर्जाचा मोठा भाग फिटेल. ताईचा वाटा तिच्या खात्यात जाईल, माझा तू घे. आगराची मात्र आधी सरकारी मोजणी होऊ दे आणि चुलतभावाचा हिस्सा वाटपाने वेगळा होऊ दे. त्याने पुढे विकलाच तर खरेदीखताच्या चतुःसीमेत पाखाडी आणि विहीर लिहिली गेली पाहिजे, रुंदीसकट, सहा फूट, कारण पालखीला तेवढी लागते. त्याच्याशी मी बोलले आहे. तो कबूल आहे, फक्त एजंटाला सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही. तू मोठा भाऊ आहेस, तू सोबत उभा राहिलास तर होईल.

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी मी मंगळवारी भरून आले. नोटीस आली की तारीख कळवते, त्या दिवशी तू आणि ताई दोघेही हवेत. येताना बाबांच्या कपाटातली खाकी फाईल घेऊन ये, तिच्यात कातळाच्या जागेचे मूळ खरेदीखत आहे, आणि छोटीलाही आण. तिच्या मापाच्या रबरी चपला मी आणून ठेवल्या आहेत, पाखाडीच्या खालच्या चार पायऱ्यांवर शेवाळ फार झाले आहे.

सूनबाईंना आशीर्वाद, छोटीस गोड पापा.

तुझी
आई