ग्रंथालयातल्या मामांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मामा,

शि. सा. नमस्कार.

येत्या 31 मे रोजी तुम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त होत असल्याचे एका मैत्रिणीकडून कळले. निरोपसमारंभात प्राचार्य बोलतील, ग्रंथपाल बाई बोलतील. जुन्या विद्यार्थ्यांना कोणी बोलायला उभे करील असे वाटत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवले आहे, कारण 2020 च्या त्या सहा महिन्यांत तुम्ही जे केले त्याची नोंद महाविद्यालयाच्या कुठल्याही वार्षिक अहवालात मला सापडलेली नाही.

मार्चच्या मध्यावर वसतिगृह रिकामे करण्याची सूचना आली तेव्हा सुट्टी 31 मार्चपर्यंतच होती. मी चार कपडे आणि तुमच्याकडून कार्डावर घेतलेले एक पुस्तक पिशवीत टाकून दापोलीची एसटी पकडली. वह्या, टिपणे, प्रकल्पाचा कच्चा मसुदा, सारे खोलीतच राहिले. मी तृतीय वर्ष कला, इतिहास या वर्गात होते आणि माझ्या प्रकल्पाचा विषय होता 1896 चा मुंबईतला प्लेग. हा विषय मी महामारीच्या आधी निवडला होता, हे आजही कोणाला खरे वाटत नाही.

मे महिन्यात हिंमत गोळा करून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही महाविद्यालयाच्या आवारातच राहता आणि कसर-वाळवी लागू नये म्हणून आठवड्यातून दोनदा ग्रंथालय उघडून हवा खेळवता, हे मला ठाऊक होते. प्लेगवरचा तो जाड इंग्रजी ग्रंथ संपूर्ण छायाचित्रे काढून पाठवाल का, असे मी विचारले. तुम्ही म्हणालात, “बाईंची परवानगी घेतो. पण सगळं पुस्तक नाही जमायचं. कुठलं पान हवंय ते सांग.” मी निरुत्तर झाले, कारण मला कुठलेच पान सांगता येईना. खरे सांगायचे तर तोवर मी गाईड आणि सरांनी उतरवून दिलेल्या टिपणांवरच पाच सत्रे काढली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही न मागता अनुक्रमणिका आणि पुस्तकाच्या शेवटची सूची पाठवलीत. घराजवळ रेंज नसल्याने ती उतरवून घ्यायला मी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर चढले आणि उन्हातच बसून वाचू लागले. इतक्या वर्षांत सूची नावाची गोष्ट मी प्रथमच लक्षपूर्वक पाहत होते. कोणती पाने मागायची हे ठरवायचे, तर आधी मला काय जाणून घ्यायचे आहे हे ठरवणे भाग होते. मांडवीत साथ सुरू झाली, 1897 मध्ये साथरोग कायदा आला, पुण्यात रँडचा खून झाला, ही सगळी माहिती परीक्षेपुरती मला पाठ होती. पण त्याच आठवड्यात माझे वडील मुंबईहून गावी आले आणि त्यांना मराठी शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवण्यात आले. वाडीतली माणसे शाळेच्या कुंपणापाशी ताट ठेवून मागे फिरत. मग मला खरा प्रश्न पडला: प्लेगच्या वेळी मुंबई सोडून कोकणात आलेल्यांना त्यांच्या गावांनी कसे घेतले असेल? प्रवाशांची तपासणी करून संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार देणारा 1897 चा तोच कायदा 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला होता. माझे वडील ज्या बाकावर झोपत होते, त्या बाकापर्यंत तो कायदा पोहोचला होता. हा प्रश्न घेऊन मी सूचीतली अकरा पाने निवडली, आणि तुम्ही ती संध्याकाळपर्यंत पाठवलीत. प्रत्येक छायाचित्राच्या कडेला पान दाबून धरलेला तुमचा अंगठा आहे. पान 87 तेवढे दोनदा आले आणि 88 आलेच नाही, ही तक्रार मी आज पहिल्यांदाच करते आहे.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्या घराची अर्धी कौले उडाली, सुपारीची बाग आडवी झाली, आणि वाडीत वीज यायला महिना उलटला. तीन आठवडे माझा काहीच निरोप नाही म्हटल्यावर तुम्ही आमच्या तालुक्यातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला शोधून त्याच्याकरवी माझी चौकशी केलीत. त्या दिवसांत शिक्षण सोडून द्यावे असे माझ्या मनात पक्के होत आले होते. तुमचा निरोप फक्त एवढाच होता: “पुढची पानं सांगितली नाहीस.”

पुढचे सर्वांना माहीत आहे. परीक्षा होणार, होणार नाही, असा खेळ ऑगस्टपर्यंत चालला. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला आणि ऑक्टोबरात मी सड्यावर छत्री उघडून बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे दिली. तुम्ही पाठवलेल्या एकाही पानाचा त्या परीक्षेत उपयोग झाला नाही. पण पुढे एम. ए. च्या पहिल्याच चर्चासत्रात मी सरांशी मतभेद मांडला आणि कुठल्या पानाच्या आधारावर मांडते आहे हेही सांगितले. 2019 मधली मी खाली मान घालून लिहून घेणारी मुलगी होते.

राहिले ते कार्डावरचे पुस्तक. वादळात ते भिजून दुप्पट फुगले होते. ग्रंथालय उघडल्यावर मी ते घाबरत परत केले, तेव्हा तुम्ही काही न बोलता टेबलाखाली ठेवून दिलेत. गेल्या वर्षी सहज रॅककडे गेले तर ते नव्या कापडी बांधणीत उभे होते, आणि कण्यावरचा दाखल क्रमांक तुमच्या अक्षरात होता. त्याबद्दल ना मी विचारले, ना तुम्ही सांगितले.

31 तारखेला मी सकाळीच येते आहे. आईने कोकमाच्या आगळाची बाटली द्यायला सांगितली आहे. जाण्याआधी तेवढे पान 88 मला तुमच्याच हातून पाहायचे आहे.

आपली नम्र,
तृतीय वर्ष कला (इतिहास), 2019–20 मधील एक विद्यार्थिनी