कुत्र्यांच्या खाऊवर बॅच नंबर कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्यांच्या खाऊतून होणाऱ्या विषबाधेवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. हा विषय घेतलात याबद्दल आधी आभार मानतो, कारण मराठी वर्तमानपत्रात कुत्रा येतो तो चावल्यावरच. पण लेखाखालच्या चौकटीतला पहिलाच सल्ला वाचून डोके फिरले आणि म्हणून हे पत्र. सल्ला असा, की ‘ट्रीट्स नेहमी खात्रीच्या दुकानातूनच घ्याव्यात.’ संपादकसाहेब, ही खात्री गिऱ्हाइकाने करायची कशावरून? दुकानात एसी आहे म्हणून, की मालक वर्षानुवर्षे ओळखीचा आहे म्हणून?

आम्ही खात्रीच्याच दुकानातून घेत होतो. इथे पार्ल्यातच आहे ते. झाडलोट व्यवस्थित, मालक बोलायला गोड. ब्रँडेड पाकिटे वरच्या फळीवर, आणि गल्ल्याशेजारी टोपलीत चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्यांच्या पिशव्या. साधी प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला स्टेपलर मारलेला, वर किमतीचे स्टिकर. बनवणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, काही नाही. दुकानदाराचे म्हणणे, ‘घरगुती आहेत, प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत.’ ते ऐकून माणसे दोन पिशव्या जास्तच घेतात.

गेल्या आषाढात आमच्या ठमीने त्या पट्ट्या खाल्ल्या. ठमी रस्त्यावरूनच घरात आलेली, दगडही पचवेल अशी. त्या रात्री तिला आधी उलट्या सुरू झाल्या, मग पातळ संडास, आणि उजाडायच्या आत त्यात रक्त. पाण्याच्या भांड्याशी जायची आणि न पिताच परत येऊन पडायची. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती खाली बसेना, तशीच घडी उभी राहिली. अंगातले पाणी किती गेले आहे ते त्यावरून कळते. हिरड्या पांढऱ्याफटक. पुढच्या पायाचे केस भादरून सलाईन लावले, आणि पुढचे काही दिवस आमचे घर त्या सलाईनच्या वेळापत्रकावर चालले. ठमी वाचली. सगळ्यांचे नशीब तसे नसते.

डॉक्टरांनी उरलेल्या पट्ट्या आणायला सांगितल्या. पिशवी उजेडात धरली तेव्हा दिसले की आतून बाष्प धरले होते, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि घडीच्या आत पिठासारखी पांढरट पूड होती. ‘यामुळेच झाले का?’ असे विचारले तर डॉक्टर म्हणाले, तपासणीशिवाय लिहून देता येणार नाही. बरोबरच आहे त्यांचे. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या बाईंनी नम्रपणे विचारले, ‘नमुना पाकीटबंद आहे का? बॅच नंबर काय?’ मी गप्प झालो. बॅच नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचा छापील क्रमांक, असता तर मी एवढा हताश झालो असतो का?

दुकानदाराकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, एवढे लोक नेतात, तुमची एकट्याचीच तक्रार आहे.’ संपादकसाहेब, हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. कारण दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी अंधेरीचे एक गृहस्थ लॅब्रॅडोर घेऊन बसले होते. त्याला हाच त्रास होता, आणि त्यांनीही अशाच बिननावाच्या पट्ट्या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या. दोन्हीकडचा माल एकाच ठिकाणाहून आला होता का? एकाच दिवशी वाळवलेला होता का? हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. मग त्या दुकानात त्यांची तक्रार एकट्याची, आणि इथे माझी एकट्याची. अशा किती एकट्या तक्रारी या शहरात विखरून पडल्या असतील?

माझे आयुष्य औषधांच्या दुकानात गेले. कुणी दोनच गोळ्या मागितल्या तर स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख छापलेला भाग शेवटपर्यंत आपल्याकडे राखायचा, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. बिलावर औषधाच्या नावापुढे बॅच नंबर घालतात. कंपनीने एखादी बॅच परत मागवली की डिस्ट्रिब्युटरचा निरोप येतो, त्या नंबरची पाकिटे फळीवरून निघतात, खोक्यात बाजूला पडतात आणि परत जातात. बाकीच्या मालाला हात लावावा लागत नाही. कुठले औषध कुठे गेले ते त्या चार-सहा अक्षरांवरून सापडते. म्हणून मला हा सल्ला झोंबला. खात्री दुकानाची नसते, छापलेल्या नंबराची असते.

तुमच्या लेखात अमेरिकेची उदाहरणे आहेत, पण त्यांतला मुद्दा निसटला आहे. तिथे २००७ पासून वाळवलेल्या मांसाच्या ट्रीट्सबद्दल एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रारी येऊ लागल्या. २०१४ पर्यंत त्या सुमारे ५ हजार झाल्या आणि दगावलेल्या कुत्र्यांचा आकडा एक हजाराच्या वर गेला. काही कुत्र्यांच्या रक्तात साखर नेहमीइतकीच, पण लघवीत मात्र साखर उतरत होती. मूत्रपिंडाचा हा एरवी क्वचित दिसणारा बिघाड इतक्या कुत्र्यांत दिसल्यामुळेच संशय ट्रीट्सवर गेला. बहुतेक माल चीनमधून आलेला होता हे खरे, पण नेमके कारण एवढ्या तपासानंतरही सापडले नाही. लेखात चीनकडे बोट दाखवून विषय संपवला आहे. आमच्या पट्ट्या कुठल्या शेडमध्ये वाळल्या, तेही एकदा बघा की! दुसरे उदाहरण डिसेंबर २०२० चे. ‘स्पोर्टमिक्स’ या खाद्यात बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, मर्यादेपलीकडे निघाले. आधी ठरावीक लॉट, म्हणजे बॅचेस, परत मागवले, मग यादी वाढवत नेली. जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून जास्त कुत्र्यांचे मृत्यू त्या खाद्याशी जोडून नोंदले गेले. एका गावातला कुत्रा आणि दूरच्या दुसऱ्या राज्यातला कुत्रा एकाच यादीत आले, कारण दोघांच्या पिशवीवर छापलेले वाचता येत होते आणि ते कळवायचे कुठे, हे लोकांना ठाऊक होते.

आणि अफ्लाटॉक्सिनची भीती मुंबईकराला जास्त हवी. ही बुरशी मका, शेंगदाणा अशा धान्यांवर धरते आणि तिला दमट ऊब लागते. जुलैत आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटते, मग उघड्या टोपलीतल्या बिस्किटांचे काय होत असेल? तिचे विष घरच्या भाजण्या-उकळण्याने जात नाही, आणि प्रत्येक वेळी बुरशी डोळ्यांना दिसेलच असेही नाही. कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, उलट्या करतो. डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात तोवर यकृताचे बरेच नुकसान झालेले असते.

चौकटीतला दुसरा सल्लाही बघा. ‘पाकीट फोडल्यावर खाऊ हवाबंद डब्यात काढून ठेवावा.’ आणि पाकिटाचे काय करायचे? वाचक ते कचऱ्यात टाकणार, आणि ज्यांना बॅच नंबर मिळाला होता त्यांचाही गेला! पाकिटासकट डब्यात ठेवा, एवढे तीन शब्द घातले असते तर चौकटीची किती जागा अडली असती?

आता फोटोबद्दल. तीन-चार वर्षांचे गोड मूल कुत्र्याला हाताने ट्रीट भरवते आहे. छान आहे फोटो. पण दूषित ट्रीटमुळे माणूसही आजारी पडतो हे लेखात एका ओळीतही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरला, तेव्हा ३४ राज्यांत १५४ माणसे आजारी पडली होती. शेवटी तिथल्या यंत्रणांनी असे कान विकत घेऊच नका, असे सांगितले. साल्मोनेला असलेला कुत्रा दिसायला ठणठणीत असू शकतो, आणि तरी त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. लहान मुले आणि आमच्यासारखे म्हातारे यांना धोका सगळ्यात जास्त. ट्रीट हाताळली की साबणाने हात धुवायचे, ती ओट्यावर किंवा पोळपाटाशेजारी ठेवायची नाही, आणि हे मुलांनाही शिकवायचे. त्या फोटोखाली हेच छापायला हवे होते.

‘मग घरचेच घाला की’ असे सांगणारे आता भेटतीलच. घरचे घालतोच. पण शिऱ्यातल्या मनुका, उसळीतला कांदा हेही कुत्र्याला बाधते, आणि घरचे घातले म्हणून दुकानातल्या टोपलीतला माल सुधारत नाही.

कायद्याचे थोडे सांगतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसाने खायचे ते. पशुखाद्य त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११९६८ हे मानक आहे, पण त्या टोपलीतल्या एकाही पिशवीवर त्याचा मागमूस नव्हता. राहिला वजनमापांचा कायदा. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, गिऱ्हाईक समोर नसताना बांधून ठेवलेल्या पिशवीवर बनवणाऱ्याचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. म्हणजे स्टेपलर मारलेली ती पिशवी मुळातच नियमात बसत नव्हती. पण बॅच नंबरची सक्ती या नियमांतही नाही. आणि बिलावर मात्र जीएसटी चोख लावलेला होता.

लिहिताना आणखी एक गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या पहाटे ठमीला उचलून चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली न्यावे लागले, कारण आमच्या सोसायटीत लिफ्टबाहेर ‘कुत्र्यांना मनाई’ अशी पाटी आहे आणि वॉचमनला हुकूम आहे. शेजारच्या मुलाने तिला चादरीत गुंडाळून उतरवली, देव त्याचे भले करो. पाळीव प्राण्यांना लिफ्टची बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवले आहे. सेक्रेटरींना मी ते पत्रक दिले. त्यांनी ते फाइलला लावले, पाटी तशीच आहे. त्यानंतर रस्त्यावर तीन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून रिक्षा पुढे काढली. यावरही कधीतरी लिहा.

माझी मागणी एवढीच आहे. तुमचा वार्ताहर मंत्रालयात जातो. त्याने एकदा पशुसंवर्धन विभागाला, अन्न व औषध प्रशासनाला आणि वैधमापनवाल्यांना, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या खात्याला, एकच प्रश्न विचारावा. मुंबईत कुत्र्याच्या खाऊचा नमुना तपासायचा असेल तर तो कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवायचा? तिघांची उत्तरे शेजारी शेजारी छापा. आणि तोवर वाचकांना सांगा, की बिननावाची पिशवी घेऊ नका, पाकिटावरच्या बॅच नंबरचा आणि तारखेचा फोनमध्ये फोटो काढा, बिल जपा, कुत्रा आजारी पडला तर उरलेला खाऊ फेकू नका आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. एकट्याची असली तरी नोंदवा.

ठमीच्या उरलेल्या पट्ट्या मी दोन पिशव्यांत घालून, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत. दुकानाचे बिल, डॉक्टरांचे कागद आणि पिशवीचे फोटोही आहेत. वार्ताहराला हवे असतील तर कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर घरी पाठवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त औषधविक्रेता
विलेपार्ले (पूर्व), मुंबई