बाबागाडीच्या चाकांनी पाहिलेले सिंगापूर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की पुरवण्यांमधून आणि यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींमधून 'सहा दिवसांत सिंगापूर आणि मलेशिया' अशा सहलींची रेलचेल होते. मथळ्यात 'सहकुटुंब' हा शब्द ठळक असतो. मात्र त्या कुटुंबातले सर्वांत धाकटे माणूस, म्हणजे दुपारी दोन तास झोपणारे आणि वीस मिनिटे चालले की 'कडेवर घे' म्हणणारे, कार्यक्रमपत्रिकेत कुठेच आढळत नाही. गेल्या वर्षी घरची दिवाळी आटोपून आम्ही सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा यांना घेऊन चार दिवस सिंगापूरला गेलो आणि त्या एका शहराबाहेर पडलो नाही. लहान मुलांच्या पालकांना प्रवासविषयक मजकुरातून नेमके काय हवे असते आणि काय मिळत नाही, हे त्या चार दिवसांत लक्षात आले, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला आम्हीही एका यात्रा कंपनीकडे चौकशी केली होती. मुंबईहून सिंगापूरचे विमान सुमारे साडेपाच तास घेते, बहुतेक प्रवास रात्रीचा असतो आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे; त्यामुळे सकाळी उतरलेल्या मुलाची झोप जेमतेम तीन-चार तासांची झालेली असते. अशा मुलाला विमानतळावरून थेट शहरदर्शनाच्या बसमध्ये बसवायचे, दुपारी हॉटेलात सामान टाकायचे आणि संध्याकाळी सेंटोसा बेटावर न्यायचे, असा कंपनीचा बेत होता. हॉटेलची खोली दुपारी तीनपूर्वी मिळत नाही, मग मधला वेळ वाया का घालवायचा, असे त्यावर उत्तर मिळाले. शेवटी आम्ही स्वतःच आरक्षण केले, आदल्या रात्रीचे भाडे भरून सकाळीच खोली मिळेल अशी सोय केली आणि पहिला दिवस चक्क झोपून काढला. सासूबाईंना फोनवर हे सांगितले, तेव्हा 'झोपायला एवढ्या लांब गेलात होय?' असे त्यांनी विचारले. खर्चाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोडून काढता येण्याजोगे नव्हते, परंतु पुढचे तीन दिवस मुले हसतीखेळती राहिली, याचे श्रेय मी त्या झोपेलाच देते.

अडीच तासांच्या या फरकाशी झगडायचे नाही, असेही आम्ही ठरवले होते. घरी रात्री नऊला झोपणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तिथले साडेअकरा म्हणजे नऊ. त्यामुळे आम्ही सकाळी निवांत उठत होतो आणि संध्याकाळ लांबवत होतो. 'गार्डन्स बाय द बे' या २०१२ साली खुल्या झालेल्या उद्यानात २५ ते ५० मीटर उंचीचे, वेलींनी मढवलेले पोलादी महावृक्ष आहेत आणि त्यांच्यावर रोज रात्री पावणेआठला व पावणेनऊला संगीताच्या तालावर दिव्यांचा खेळ होतो. त्याला तिकीट नाही. पावणेनऊच्या खेळाला आमचा मुलगा टक्क जागा होता आणि चटईवर उताणा पडून दिवे मोजत होता; तिथेच राहणाऱ्या कुटुंबांतली त्याच्या वयाची मुले मात्र तोवर आईवडिलांच्या खांद्यावर झोपली होती.

आता बाबागाडीविषयी. ती न्यावी की नेऊ नये, यावर आमच्या घरात बराच खल झाला होता, कारण पुण्यात ती इमारतीच्या आवाराबाहेर नेण्याची सोय नाही. सिंगापुरात ती चारही दिवस चालली. तिथली मेट्रो १९८७ साली सुरू झाली, तेव्हा स्थानकांत लिफ्ट नव्हत्या. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांची अडचण पुढे मान्य झाली आणि जुन्या स्थानकांतही त्या मागाहून बसवण्यात आल्या. लिफ्टचे दार कधी कधी स्थानकाच्या भलत्याच टोकाला निघते आणि ते हुडकताना दमछाक होते, हेही सांगायला हवे. बसमध्ये बाबागाडी न मिटता नेण्याची मुभा २०१७ पासून आहे. वस्त्यांमधून स्थानकाकडे जाणाऱ्या कित्येक पदपथांवर छप्पर आहे आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, दुपारी हमखास वळीव कोसळतो अशा ठिकाणी, त्या छपराचे मोल लहान मुलाच्या आईलाच विचारावे. एक गोष्ट मात्र पालकांनी आधीच मुलांना समजावून ठेवावी. मेट्रोत खाणेपिणे निषिद्ध आहे, अगदी पाणीसुद्धा, आणि दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो. बिस्किटासाठी भोकांड पसरलेल्या मुलाला सहा स्थानके गप्प ठेवण्याचे काम कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले नसते.

१८५९ साली स्थापन झालेले आणि २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले वनस्पती उद्यान विनामूल्य आहे आणि मेट्रोचे स्थानक त्याच्या दाराशीच आहे. याच उद्यानात जेकब बॅलस यांच्या नावाची मुलांची बाग आहे आणि तिचा नियम मला फार आवडला: सोबत मूल असल्याखेरीज मोठ्या माणसाला आत प्रवेश नाही. आपल्याकडे मुले मोठ्यांबरोबर जातात. तिथे फाटकावर आमच्या मुलीला 'आईबाबांना घेऊन आलीस का?' असे आम्हीच गमतीने विचारले. झाडावरचे घर, घसरगुंडी, झुलता पूल, चक्रव्यूह आणि पाण्याचे खेळ एवढ्यावर मुलांची अख्खी सकाळ गेली. मुलीला चक्रव्यूहातून बाहेर यायचेच नव्हते, त्यामुळे दुपारचा बेत आपोआप रद्द झाला.

वगळलेल्या गोष्टींचीही थोडी नोंद करते. युनिव्हर्सल स्टुडिओज या मनोरंजन उद्यानातील बऱ्याच मोठ्या खेळांना उंचीची अट असते, तेव्हा आमच्या दोन्ही मुलांसाठी ते तिकीट काढण्यात अर्थ नव्हता. मंडाई येथील प्राणिसंग्रहालय १९७३ सालचे आहे आणि पिंजऱ्यांऐवजी शक्य तेथे खंदक व पाणी यांच्या आडोशाने प्राणी ठेवण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे आम्ही गेलो, परंतु अर्धेही न पाहता दुपारी परतलो. माझ्या पतींना याची रुखरुख अजून आहे. शेजारच्या रात्रीच्या सफारीला आम्ही गेलोच नाही, कारण सकाळी प्राणी पाहिलेल्या मुलांना रात्री पुन्हा तिथेच नेणे हा मला मोठ्यांचा हट्ट वाटतो; इतरांचे मत वेगळे असू शकेल. परतीच्या दिवशी चांगी विमानतळाला लागून असलेल्या 'ज्वेल' या व्यापारसंकुलातील ४० मीटर उंचीच्या धबधब्यासमोर मात्र आम्ही दीड तास बसलो आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

जेवणाचा प्रश्न जाहिराती 'भारतीय भोजनाची हमी' या तीन शब्दांत मिटवतात. लिटल इंडियात सेरंगून रस्त्याच्या आसपास इडली, डोसा, दहीभात सहज मिळतो आणि दिवाळीची रोषणाईही अजून उतरलेली नव्हती, त्यामुळे मुलांना परके वाटले नाही. पण केवळ तेवढ्यासाठी रोज तिकडे धावण्याची गरज नाही. शहरभरच्या 'हॉकर सेंटर' या खाद्यगृहांच्या समूहांत, ज्यांच्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने २०२० साली मान्यता दिली, मुलाला चालेल असे काहीतरी सापडतेच. शाकाहारी कुटुंबांना मात्र तिथे प्रत्येक पदार्थाविषयी विचारून घ्यावे लागते. नळाचे पाणी थेट पिण्याजोगे आहे, त्यामुळे बाटल्यांचे ओझे वाहावे लागत नाही. कागदपत्रांविषयी एवढेच, की तान्ह्या मुलालाही स्वतःचे पारपत्र आणि व्हिसा लागतो आणि आगमनाचा ऑनलाइन अर्ज पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाच्या नावे भरायचा असतो. सरकारी संकेतस्थळावर तो विनाशुल्क आहे.

सिंगापूर श्रीमंत आहे, लहान आहे, तिथली तुलना आपल्याशी कशाला, असे कोणी म्हणेल. मला तुलना पूर्ण शहराची करायची नाही. पुण्यात २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथही झाला आहे, म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही. परंतु अनेक ठिकाणी लिफ्टमधून बाहेर पडल्यावर दहा पावलांत पदपथ संपतो किंवा त्यावर दुचाक्या उभ्या असतात, आणि तिथे बाबागाडी उचलून घ्यावी लागते.

आपल्या पुरवणीला माझी विनंती मात्र याहून सोपी आहे. परदेशातल्या शहराविषयी लिहून घेताना प्रत्येक ठिकाणापुढे तीन-चार गोष्टी छापाव्यात: मेट्रोपासून तिथपर्यंत बाबागाडी न उचलता जाता येते का, उंचीची अट आहे का, दुपारी मूल झोपवायला सावलीची जागा आहे का आणि ते ठिकाण आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असते. जेकब बॅलस बाग एरवी सोमवारी बंद असते, हे मी वाचलेल्या एकाही मराठी लेखात नव्हते. आम्ही सोमवारी तिच्या बंद फाटकाशी उभे राहून रडणाऱ्या मुलीची समजूत काढली आणि मंगळवारी पुन्हा गेलो.

आपली,
एक वाचक, पुणे