आधी वायर काढ म्हणणाऱ्या दादांना

दादा, त्या रात्री रडतच फोन केलेला आणि नंतर नीट थँक्यू पण बोलले नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

झालं असं की मला लिनक्सचा (विंडोजसारखीच एक सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवायचा होता, डीडी कमांडमध्ये (ती सांगाल त्या डिस्कवर न विचारता थेट लिहिते) एसडीसी, म्हणजे पेनड्राइव्हच्या जागी एसडीबी टाइप केलं आणि एंटर. एसडीबी म्हणजे १ टीबीची घरची हार्ड डिस्क, त्यात सगळे फोटो आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग. पेनड्राइव्हचा लाइट का लुकलुकत नाही म्हणून बघितलं तेव्हा कळलं, कंट्रोल-सी दाबेपर्यंत २ जीबी लिहून झालेलं. विंडोजला लावली तर म्हणे फॉरमॅट करू का! दुकानवाला पण तेच म्हणाला, नवी करून देतो. अरे नवी कुणाला हवीय?

तुम्ही पहिलं वाक्य बोललात, "आधी वायर काढ, रडायचं ते नंतर रड." मग डीडीरेस्क्यू नावाच्या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, माझ्या जुन्या यूएसबी पोर्टमुळे तासन्तास चालली ती, आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवरच. मी फोटोरेक हा गेलेल्या फाइल्स शोधणारा प्रोग्रॅम चालवायला निघाले होते, तुम्ही थांबवलंत, त्यात फाइल्स मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात म्हणून. त्याऐवजी टेस्टडिस्क लावलं, ते हरवलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा फाइल्सचा कप्पा, शोधतं. एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनची माहिती असलेल्या पहिल्या तुकड्याची, एक कॉपी पार्टिशनच्या अगदी शेवटी असते हे मला कुठे माहीत, आणि फाइल्सची यादी, ती एमएफटी, विंडोजने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर बहुतेक वेळा ३ जीबीवर सुरू होते. मी २ वर थांबले होते. अजून थोडा वेळ लाइटकडे बघितलं नसतं तर... जाऊदे.

पहाटे ४ ला फोल्डर दिसायला लागले तेव्हा तुम्ही जांभई देत म्हणालात की सुरुवातीच्या २ जीबीत जे होतं ते गेलं, त्याची आशा धरू नको. खरंच तसंच झालं, काही फाइल्सचं नाव आहे, साइझ आहे, उघडायला गेलं की काही नाही. खोटा धीर दिला नाहीत ते बरं केलंत, नाहीतर मी अजून त्याच फाइल्स उघडत बसले असते. पैशांचं विचारलं तर हसलात फक्त.

ओव्या १९ होत्या, २ गेल्या. उरलेल्यातली एक तुम्हाला पाठवलीय, जात्याच्या घरघरीत शब्द कळले नाहीत तर आईला फोन करा, तिला सगळ्या पाठ आहेत.