जुहूच्या ताईंना नाशिकहून थँक्यू

ताई, नमस्कार!

जुहूच्या किनाऱ्यावरचे जीव आमच्या पोरांना दाखवलेत, त्याबद्दल तुम्हाला मेसेजवर थँक्यू म्हटलं की तुम्ही नुसता खेकड्याचा इमोजी पाठवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

मी नाशिकरोडला सातवी-आठवीच्या पोरांचे क्लास घेते. आमच्याकडे समुद्र म्हणजे जुहूला जायचं, भेळ खायची, गुडघाभर पाण्यात फोटो काढायचे आणि पिशवीभर शंखशिंपले घेऊन परत. मला पोरांना तिथले जिवंत प्राणी दाखवायचे होते पण कधी जायचं, कुठं बघायचं काहीच कळत नव्हतं, मग ओळखीतून तुमचा नंबर मिळाला आणि तुम्ही पहिल्याच फोनवर तारीख सोडून तिथी विचारलीत! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास या, थोडं मागेपुढे होईल पण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी लांबपर्यंत मागे ओसरतं. घरातल्या कॅलेंडरचा चतुर्थी सोडून असाही उपयोग असतो हे सासूबाईंना सांगितलं तर त्या जाम खूश.

किनाऱ्यावर तुम्ही आधी आम्हाला चालायला शिकवलंत. उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (स्टिंगरे मासा) आधीच सटकतं, नाहीतर पाय वर पडला की शेपटीचा काटा मारतं. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या वेळी कितीतरी लोकांना पाकटांचे डंख बसले होते, ते तुम्ही सांगितलंत आणि आमची सगळी वरात पाय घासत निघाली, लोक बघत होते, बघू देत.

मग ते कडं. ओल्या वाळूत एक राखाडी, कडेला झालर असलेलं अर्धवट कडं पडलं होतं. आमच्यातल्या एकाला ते मिक्सरच्या भांड्याचं रबर वाटलं आणि तो ते कचऱ्याच्या पिशवीत टाकणार तेवढ्यात तुम्ही त्याचा हात धरलात. मून स्नेल नावाच्या गोगलगायीची अंडी होती ती! मादी वाळू आणि चिकट द्रव मिसळून असं कडं बनवते आणि त्यातच अंडी असतात, अगदी चांगल्या मनानं बीच साफ करणारे लोकही ते कचरा समजून उचलतात म्हणालात. आणि शिंपल्याला असतं ना एक गोल सुबक भोक, ज्यात दोरा ओवून आम्ही लहानपणी माळा केल्या, ते पण हिच्यासारख्या गोगलगायीच पाडतात आणि आतला जीव खातात. माळेचा रोमान्सच गेला, पण पोरांना हे जाम आवडलं.

सोबत आलेल्या एका आईंनी रुमालात शंख जमवले होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, त्यातला एक घेऊन तळहातावर ठेवलात आणि गप्प उभ्या राहिलात. थोड्या वेळानं आधी दोन मिशा, मग एक चिमुकली नांगी, मग पाय बाहेर आले आणि खेकडा शंख पाठीवर घेऊन तुमच्या अंगठ्याकडे चालायला लागला. त्या आईंनी स्वतःच रुमाल सोडला. रिकामे शंख तरी नेऊ का, असं कुणीतरी विचारलंच, तर तुम्ही म्हणालात की हा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, तो कुठून आणणार? आता आमच्या क्लासमधून कुणी शंख आणत नाही, फोटो आणतात. दगड उलटा केला तर परत होता तसा ठेवायचा हेही त्यांना पाठ झालंय, इथे गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो) गेले तरी दगड नीट ठेवतात.

आणि आमच्यातल्या एकीनं विचारलं की आमची गंगा तर बंगालच्या उपसागराला जाते, मग या समुद्राशी आमचा काय संबंध, तेव्हा तुम्ही वैतरणेचं नाव काढलंत. त्र्यंबकच्याच डोंगरातून निघते आणि वसई-विरारच्या पलीकडे अरबी समुद्राला मिळते. हे मी स्वतः भूगोलात शिकवलंय ताई, पण तिथे खाऱ्या पाण्यात उभं राहून ऐकल्यावर पोरांची तोंडं बघण्यासारखी होती.

पावसाळ्यात ब्लू बॉटल नावाचे जेलीफिशसारखे जीव वाहून येतात तेव्हा तुमचा मेसेज न विसरता येतो, निळा फुगा दिसला तर हात लावू नका, वाळूवर मेलेला दिसला तरी डंख मारतो. आम्ही तो मुंबईला निघालेल्या प्रत्येक नातेवाइकाला फॉरवर्ड करतो, काही जणांनी आम्हाला म्यूट केलंय, चालायचंच.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, चहासुद्धा तुम्हीच पाजलात. त्यामुळे आता डिसेंबरात तुम्ही आमच्याकडे यायचं. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेऊ, राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, पहाटे टॉवरवरून पक्षी पोरं दाखवतील आणि प्रश्न तुम्ही विचारा. नंतर मिसळ आमच्याकडून. निफाडची थंडी आहे, मुंबईचं जॅकेट चालणार नाही, जाड स्वेटर आणा.